परार्धात किती शून्यं?

मंडळी, घरी येऊन दोन तास झाले, डोकं अजून तापलेलंच आहे.

आज सिल्वासातल्या आमच्या शाळेत एक पाहुणे आले. माइकवर एकं, दहं, शतं करत परार्धापर्यंत घडाघडा म्हणून दाखवलं आणि टाळ्या घेतल्या.

माझ्या सहावीतली सविता उठली. रोज सुरंगीहून येते. "सर, परार्ध म्हणजे एकावर किती शून्यं?"

पाहुण्यांना कुठे ठाऊक! "मोठ्यांची परीक्षा घेतेस? बस खाली!"

मीही डोळे वटारले. ती बसली.

शाळा सुटल्यावर वही घेऊन आली. "बाई, मी मोजली. सतरा."

बरोबर होतं.

पाहुण्यांची शिसारी आलीच, पण ते गेले निघून. उद्या वर्गात 'प्रश्न विचारा' असं मी कुठल्या तोंडाने सांगू?