सुनंदाचं ढेकूळ

सुनंदा गेली त्यानंतर तिची बोटं हलली होती.

आज मंगळवार. तिला जाऊन वर्ष झालं. सकाळी बुद्धवंदना झाली, नातेवाईक जेवले, दुपारी निघाले.
आता घरात मी एकटा.
आणि खिडकीत तिची काचेची बरणी.

सुनंदा, माझी बायको, नवेगाव बांधकडच्या एका कॉलेजात अकरावीला बायोलॉजी शिकवायची. दर उन्हाळ्यात आटलेल्या बोडीतून, म्हणजे छोट्या तळ्यातून, गोगलगाय अडकलेलं मातीचं ढेकूळ आणायची. जूनचा पहिला तास त्यावरच. एकदा तिला घ्यायला गेलो, तेव्हा दाराशी उभं राहून ऐकला.

"हे जिवंत की मेलेलं?" तिने विचारलं.
"मेलं असन मॅडम. फेका जी," मागचा एक पोरगा.
"काऊन?"
"हालत नाही, खात नाही, श्वास बी नाही घेऊन रायलं."
"तू बी माझ्या तासाले असाच पडून रायते. तुले फेकू का?"

सगळा वर्ग हसला.
मग तिने बरणीत पाणी ओतलं. म्हणाली, "पाणी टाकल्याशिवाय कोणीच सांगू शकत नाही."
दुसऱ्या दिवशी गोगलगाय काचेवर चढलेली होती.

गेल्या वर्षी तिने ढेकूळ आणून या बरणीत ठेवलं आणि त्याच आठवड्यात ती गेली. हार्ट अटॅक.
डॉक्टर तपासून, मान हलवून गेले.
मी शेजारी बसलो होतो. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं हलली.
वहिनी ओरडली, "भाऊजी, हात हालून रायला!"

मेल्यावरही स्नायू थोडा वेळ हलतात, हे मला सुनंदानेच सांगितलं होतं.
तरी मी उठलो, तांब्याभर पाणी आणलं आणि तिच्या तोंडावर शिंपडलं.
थांबलो.
पाणी मानेवरून उशीत मुरलं.

तेव्हापासून ढेकळाला पाणी घातलं नाही.
वहिनी म्हणते, "मातीच हाय ते, फेका आता."
पण कोरडं आहे तोवर कोणीच सांगू शकत नाही. माझ्याकडे तेवढंच उरलं होतं.
स्वयंपाक करताना पाठीमागे कुणी बघतंय असं वाटायचं. वळलो की बरणी.

आज सकाळी ढेकळाला भेग दिसली. काल नव्हती.
बरणीला कुणी हात लावलेला नाही.

सुनंदा, तुझा एक पहिला तास राहून गेला होता. तो आज मी घेतो.
तुला शेवटचा जयभीम.

पाणी ओतलं आहे.
एक बुडबुडा वर आला. माती पण हवा सोडते, मला माहीत आहे.

खुर्ची खिडकीशी ओढली आहे. आता लिहिणं थांबवून फोन बाजूला ठेवतो.