अधिवेशनातून खास वेळ काढून

मी नोकरी केली नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यात, पण लोक मला ओळखतात ते लग्नातल्या आवाजावरून. एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नात ठरलेला निवेदक आलाच नाही. हा माणूस युनियनच्या सभेत चार वाक्यं धड बोलतो, एवढ्यावर कुणीतरी माइक माझ्या हातात दिला. तो पुढे वीसेक वर्षं सुटला नाही. सुटीच्या दिवशी नाशिकच्या द्वारका चौकापासून पिंपळगाव बसवंतपर्यंत हायवेच्या कडेला जेवढी म्हणून लॉन्स आहेत, त्या सगळ्या ठिकाणी मी उभा राहिलो आहे.

वधूवरांची ओळख करून देणं, मंगलाष्टकं म्हणणाऱ्या मामा-मावश्यांना पुढे बोलावणं, जेवल्याशिवाय कोणी जाऊ नये असं चारदा सांगणं, हे झालं वरवरचं काम. खरं काम पुढाऱ्यांच्या स्वागताचं. यजमान चिठ्ठ्यांवर चिठ्ठ्या पाठवायचे आणि मी नावं घ्यायचो. एखादं राहिलं तर नंतर वर्षभर रुसवा. त्यात आमच्या आमदारांचं नाव पहिलं. मी ते पहिल्यांदा घेतलं तेव्हा ते मोटारसायकलवर आले होते, मांडवाच्या कडेला उभे राहून पाणी प्याले आणि स्टेजवर यायला लाजले होते. पुढे चार निवडणुका झाल्या. केस पांढरे झाले, मागे गाड्या वाढल्या, आणि त्यांच्या नावाआधी ‘कार्यसम्राट’ लावायची मला इतकी सवय झाली की तो शब्द त्यांच्या आडनावाचाच भाग वाटायचा.

सकाळी मात्र माझं बोलणं वेगळं असायचं. ओझरच्या आमच्या कॉलनीतल्या पाच-सहा जणांचा फिरायला जायचा गट आहे. फेऱ्या संपल्या की चहाच्या टपरीवर बसून आम्ही लोकशाही दुरुस्त करायचो. गटातले निवृत्त मुख्याध्यापक म्हणायचे, “दोन टर्म. तिसऱ्यांदा उभं राहायचंच नाही, असा कायदा हवा.” दुसरे म्हणायचे, सभागृहातली हजेरी प्रत्येक गावाच्या फळ्यावर लागली पाहिजे. मी म्हणायचो, निवडून दिलेल्याला मधेच परत बोलवायचा अधिकार हवा. सगळे मान डोलवायचे. मग दुपारी मी कोट चढवून कुठल्यातरी लॉनवर जायचो आणि त्याच माणसाला कार्यसम्राट म्हणायचो. यात काही विसंगत आहे असं मला खरोखर वाटत नव्हतं.

एका डिसेंबरात पिंपळगावजवळ लग्न होतं, बुधवारचं, म्हणून मी रजा टाकून गेलो. मुलीचे वडील द्राक्षबागायतदार, कांदाही करायचे. मुलगी वकिलीचं शिक्षण संपवून नाशिकच्या कोर्टात नुकतीच जायला लागली होती. मुहूर्त बारा पस्तीसचा. बारा पस्तीस झाले, पाऊण वाजला, गुरुजी अंतरपाट हातात घेऊन माझ्याकडे बघायला लागले. मुलीचे वडील घाईघाईने माझ्याजवळ आले.

“जरा धकवा अजून,” ते म्हणाले. “सायेब ओझरपर्यंत आले हायेत. त्यांच्याशिवाय अक्षता टाकल्या तं बरं नाय दिसणार.”

मी धकवलं. गावच्या देवीचं वर्णन केलं, दोन्ही घराण्यांचं केलं, आचाऱ्याचंसुद्धा केलं. सव्वा वाजता गाड्या आल्या आणि मी सवयीने आवाज चढवला. “नागपूरला विधानसभेचं अधिवेशन सुरू असतानाही, आपल्या सर्वांवरील प्रेमापोटी, अधिवेशनातून खास वेळ काढून साहेब इथे उपस्थित झाले आहेत. जोरदार टाळ्या.” टाळ्या झाल्या. साहेबांनी हात जोडले, दोन मिनिटं आशीर्वाद दिले आणि पहिल्या मंगलाष्टकालाच पुढच्या लग्नाला निघाले.

जेवणं उरकल्यावर मी नवरा-नवरीला भेटायच्या रांगेला शिस्त लावत होतो. रांग जरा मोडली तेव्हा नवरीने मला जवळ बोलावलं.

“काका, एक विचारू? आज नागपुरात कांद्यावर चर्चा होती. पप्पा आठवडाभर त्याच्याच बातम्या बघत होते. साहेब इकडे आले, तर मग आपल्या बाजूने तिकडे बोललं कोण?”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. माहीत करून घ्यायचं म्हणून तिने विचारलं होतं. मी म्हणालो, “बघतो.” काय बघणार होतो कोण जाणे. पुढे कोणीतरी पाकीट घेऊन आलं आणि ती तिकडे वळली.

घरी येऊन मी हे बायकोला सांगितलं. ती गवार मोडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, “अहो, बोलावता तुम्ही, टाळ्या वाजवायला लावता तुम्ही, आणि सकाळी चहावर नावं ठेवता तेही तुम्हीच. त्या बिचाऱ्याने काय समजायचं?”

मला राग आला. पण तो टिकला नाही, कारण त्याला धरायला काही जागाच नव्हती. त्या दिवशीच मी दोन अटी ठरवल्या. मुहूर्त कोणासाठी थांबवणार नाही, आणि कुठल्याही पक्षाच्या पुढाऱ्याचं नाव माइकवर घेणार नाही. आला तर त्याने पाहुणा म्हणून यावं, पाहुण्यासारखं जेवून जावं. जो कोणी तारीख विचारायला येई त्याला मी हे आधी सांगायला लागलो. काहीजण परत आले नाहीत. मला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही; उलट बोलताना आवाज मोकळा लागायला लागला.

पहिली खरी परीक्षा आली ती आमच्याच टपरीवरून. मुख्याध्यापकांच्या मुलाचं लग्न ठरलं.

“तुमचा नियम मला शंभर टक्के मान्य आहे,” ते म्हणाले. “फक्त माझ्याकडे साहेब स्वतःहून येणार आहेत. त्यांचं एकट्याचं नाव घ्या. बाकी कोणाचं नको.”

“सर, दोन टर्मचा कायदा कोणाला हवा होता?”

“तो कायदा झाला. हे व्यवहारातलं आहे.”

“मग माइक दुसऱ्या कुणाकडे द्या. मी वरातीत नाचतो.”

ते उठून गेले. तीन दिवस फिरायला आले नाहीत. चौथ्या दिवशी आले, दोन फेऱ्या माझ्याबरोबर चालले आणि मग म्हणाले, “घरात सांगितलंय मी. नाव नाही घ्यायचं. पण शिव्या बसल्या तर तुम्ही खायच्या.”

लग्न वेळेवर लागलं. साहेब आले तेव्हा सातवं मंगलाष्टक चालू होतं. त्यांच्याबरोबरच्या माणसाने माझ्याकडे चिठ्ठी सरकवली, ती मी घडी करून खिशात ठेवली. साहेब क्षणभर मधल्या वाटेवर उभे राहिले, मग तिसऱ्या रांगेत एका म्हातारबुवांच्या शेजारी बसले. अक्षता टाकल्या, वर-वधूला भेटले आणि थेट माझ्याकडे आले.

“काय हो, आमच्यावर रुसलात?”

“नाही साहेब. वीस वर्षं तुमचं कौतुक केलं. पण तुम्ही विधानसभेत काय करता हे मला कोणी विचारलं तर सांगता येत नाही. लग्नाला किती आलात ते तोंडपाठ आहे.”

मला वाटलं, ते चिडतील. ते खुर्ची ओढून बसले.

“खरं सांगू? एका दशक्रियेला जाता आलं नाही, तर त्या गावाने अख्खी निवडणूक मला पाणी विचारलं नाही. मस्ती आली म्हणाले. सभागृहात मी तोंड उघडलं की नाही, हे एवढ्या वर्षांत एकानेही विचारलेलं नाही. तुम्ही लोकांनी मला जे काम दिलं ते मी केलं.”

सवयीने मान डोलवणार होतो, पण थांबलो. त्यांचं निम्मं खरं होतं. उरलेलं निम्मं त्यांच्याच पदरात टाकायला हवं होतं.

“आम्ही विचारलं नाही ही आमची चूक,” मी म्हणालो. “पण न विचारता सांगायला तुम्हालाही कुणी अडवलं नव्हतं. आता विचारतो. अधिवेशन संपलं की पहिल्या रविवारी सकाळी आमच्या कॉलनीच्या हॉलमध्ये या. हार नाही, स्टेज नाही. तुम्ही काय बोललात, काय प्रश्न मांडले, कुठल्या दिवशी हजर नव्हतात, एवढंच सांगायचं.”

ते हसले आणि “बघू” म्हणाले. मुख्याध्यापक मागे उभे होते. त्यांनी तिथेच वही काढून लिहून घेतलं. वर्गात मुलांना गृहपाठ देत तसं ते म्हणाले, “बघू नाही. येतो म्हणा.”

ते आले. शंभरेक माणसं होती, भाजीच्या मळ्यातून आलेल्या बायका होत्या, शेजारच्या बौद्ध वसाहतीतले तरुण शिक्षक होते. मी मुद्दाम बोलावलेली पिंपळगावची ती नवरी, आता नाशिकची वकीलबाई, सभागृहाच्या कामकाजाचे छापील कागद घेऊन पहिल्या रांगेत बसली होती. तिने कांद्याच्या चर्चेच्या दिवसाबद्दल विचारलं. साहेबांनी त्या दिवशी गैरहजर होतो हे कबूल केलं, कारण मात्र गोलगोल दिलं. एका शिक्षकाने ते कारण पुन्हा विचारलं. पुन्हा गोल. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ते म्हणाले, “लग्न होतं.” कोणी हसलं नाही.

शेवटी मुख्याध्यापकांनी आपला दोन टर्मचा मुद्दा मांडला. साहेब म्हणाले, “चालेल. मी थांबतो. पक्ष माझ्या मुलाला तिकीट देईल. मग?”

सकाळच्या चहावर हा प्रश्न आमच्यापैकी कुणालाच सुचला नव्हता. वकीलबाई उठली. “मग आम्ही मुलालाही इथेच बोलावू,” ती म्हणाली. “आणि तुम्ही घराबाहेरचं एखादं माणूस तयार केलं असेल तर त्यालाही. तिघांना एकच प्रश्न विचारू.” साहेबांनी ते आपल्या वहीत लिहून घेतलं.

त्यानंतरच्या प्रत्येक अधिवेशनानंतर ही सभा झाली आहे. एकदा ते आले नाहीत; आम्ही त्यांच्याशिवायच बसलो, कामकाजाचे कागद वाचले आणि पुढच्या वेळी त्यांना काय विचारायचं ते ठरवलं. पुढच्या वेळी ते दहा मिनिटं आधी येऊन बसले. शेजारच्या दोन कॉलन्यांनी आणि पिंपळगावजवळच्या एका गावानेही आपापल्या सभा सुरू केल्या आहेत. दोन टर्मचा कायदा होईल की नाही मला ठाऊक नाही. साहेब पुन्हा उभे राहतील, कदाचित निवडूनही येतील. त्याची मला पूर्वीसारखी चीड येत नाही. परवा मळ्यातली एक बाई मला बाजारात भेटली. मेथीच्या जुड्या बांधता बांधता म्हणाली, “भाऊ, या टायमाला मला बोलायचंय. कालव्याच्या पाण्याचा कायदा नेमका काय हाय, ते मी पोरीकडून वाचून घेतलंय. नाव लिहून ठेवा माझं.”

मी तिथेच, भाजीच्या पिशवीवर वही टेकवून, तिचं नाव पहिलं लिहिलं.