राण्यांच्या अर्ध्या गोष्टी

मलकापूरच्या शाळेत मी एकतीस वर्षं इतिहास शिकवला. परमुलखात राणी म्हणून दिलेल्या राजकन्यांच्या गोष्टी माझ्या विशेष आवडीच्या. एका राजकन्येचे माहेरचे कपडे सरहद्दीवरच उतरवून घेतले, दासी परत पाठवल्या आणि सासरच्या देशाचे कपडे घालून तिला पलीकडे नेलं, हे मी रंगवून सांगायची. पोरी डोळे मोठे करून ऐकायच्या. त्यांत माझ्या धाकट्या बहिणीची मुलगीही होती.

ती बी.ए. झाली तेव्हा तेलंगणातलं स्थळ आलं. घर आमच्याच समाजातलं, पण चार पिढ्या तिकडेच; बोलणं सगळं तेलुगू. बहिणीच्या मनात भरलं होतं, मुलगी अडून बसली होती. समजवायला मला बोलावलं.

"मावशी, मले त्यांची भाषाच येत नाही. मी बोलू कोणासंग?"

"त्या राण्यांले तरी कुठं येत होती? वर्षभरात शिकल्या अन् दरबार चालवला."

ती हसली आणि तयार झाली. पुढचं मी सांगितलंच नाही. त्या राण्यांची माहेरी जाणारी पत्रं आधी दुसरेच फोडून वाचत. आईचं उत्तर यायचं, नवऱ्याला धरून राहा, लवकर मुलगा होऊ दे. हे मला चांगलं ठाऊक होतं. वर्गातही मी ते गाळायची.

लग्नानंतर ती फोनवर मराठीत बोलली की सासूला वाटे, ही आपल्याबद्दलच गाऱ्हाणी सांगते. सासऱ्यांना मराठी थोडंफार कळायचं; मग त्यांच्यासमोर, फोन स्पीकरवर ठेवूनच बोलायचं असं ठरलं. "बरं आहे", "जेवण झालं", एवढंच ऐकू येऊ लागलं.

दीड वर्षानं मी तिच्याकडे गेले. सासऱ्यांसकट सगळं घर आमच्याभोवती बसून होतं. चहा देताना तिनं विचारलं, "मावशी, त्या राण्या माहेरी कधी येत होत्या?"

बहुतेक जणी पुन्हा कधीच आल्या नाहीत. मी म्हणाले, "येत होत्या ना, सणावाराले."

परत आल्यावर मी बहिणीला सांगितलं, पोरगी खुशीत आहे.

त्यानंतर दोन वर्षांनी ती एक पिशवी घेऊन एकटीच मलकापूर स्टेशनवर उतरली. परत गेली नाही. आता शेगावला एका लॉजच्या काउंटरवर बसते. तेलंगणातून दर्शनाला आलेल्यांशी इतकं सफाईदार बोलते, की ते तिला आपल्याकडचीच समजतात.

मागच्या महिन्यात धीर करून तिथं गेले.

"त्या दिवशी मी तुले खोटं सांगतलं. राण्या नव्हत्या येत."

"मालूम होतं," ती रजिस्टरातून मान वर न काढता म्हणाली. "तुह्या तोंडावरच दिसलं."

"मंग मले घेऊन चाल, असं काऊन नाही म्हटलं?"

तिनं पेन खाली ठेवला.

"तेच तं म्हटलं होतं, मावशी."

एक कुटुंब सामान घेऊन आत आलं. ती त्यांच्याकडे वळली. मी बाजूच्या बाकावर बसून राहिले.