शिवेबाहेरची वहिनी

आमची वहिनी भिंतीला टेकून बसलेली मी पहिलं वर्ष-दीड वर्ष पाहिलीच नाही. ती बसायची ती उकिडवी, भिंतीपासून हातभर लांब, आणि नजर आढ्याकडे. समोरच्या माणसाशी बोलणं चालू असे, हो-नाही बरोबर जागी पडत असे, पण डोळे मात्र वरच्या वाशांवरून फिरत असत. नवख्या माणसाला वाटे, बाई जरा शिष्ट आहे. ती शिष्ट मुळीच नव्हती. वरून काही पडेल, एवढीच तिला धास्ती होती.

वहिनी नगरकडच्या पारनेरची. तिकडे पावसाचीच मारामार, तिथे किडे कुठून येणार? दगडी घर, कोरडी हवा, फार तर एखादी पाल. अशा मुलीचं लग्न माझ्या दादाशी झालं आणि दादाची नेमणूक गोंदियाकडच्या सौंदडच्या स्टेशनावर मास्तर म्हणून झाली. तेव्हा हा मुलूख मध्यप्रांतात होता आणि पारनेरच्या माणसांना तो विलायतेइतकाच लांब. आई-वडील नसल्यामुळे मीही दादाच्या बिऱ्हाडाबरोबर आले. चौदा-पंधरा वर्षांची असेन. पोहोचलो त्या संध्याकाळी वहिनीने कंदील लावला, पानं वाढली आणि पहिला घास घेण्याआधीच भातावर पंखांचा सडा पडला. तिने कंदील विझवला. आम्ही अंधारात चाचपडत जेवलो. अंधारात काय खाल्लं, हे तिने आम्हाला कधी विचारू दिलं नाही.

त्या दिवसापासून तिची लढाई सुरू झाली. बाजेचे चारही पाय पाण्याच्या वाडग्यांत. पाळण्याच्या दोऱ्यांना रॉकेलचं बोट. चपला, कपडे, उशी, टोपी, सगळ्याला एकच मंत्र: "आधी आपट, मग घाल." तिचा बाळू तेव्हा काही महिन्यांचा होता. त्याची दुपटी ती इतकी झटकायची की दादा म्हणे, "अगं, पोरगं दुपट्यात नाही ना, तेवढं बघ." दादा तसा मुखदुर्बळ, पण तिला चिडवायची संधी सोडत नसे. "साहेबाकडे अर्ज करतो," म्हणायचा, "माझी नको, विंचवांची बदली करा." वहिनी हसत नसे. तिच्या हातात बांबूला बांधलेला फडा असे आणि ती जाळी काढत एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हिंडत असे. गावाने तिचं नाव पाडलं, फडावाली मास्तरीण.

घरातली एकच वस्तू तिने कधी झाडली नाही. माहेरची लाकडी पेटी. ती कोपऱ्यात ठेवली तशीच राहिली, कुलूपही काढलं नाही. आत तिचा लग्नाचा शालू होता, बाळूची कुंची-टोपरी होती, आणखी बरंच काही. मी एकदा म्हटलं, "वहिनी, पेटीतलं सामान लावून घेऊ या का?" ती म्हणाली, "लावायचं कशाला? इथे राहायचंय कुणाला?" बदली हा शब्द ती देवाच्या नावासारखा घेत असे.

गावच्या पाटलीणबाई एकदा मास्तरीण कशी आहे ते बघायला आल्या. पवारांचं मोठं घर, भाताची चिकार जमीन, आणि बाईंचा आवाज त्याहून मोठा. नेमकी तेव्हा वहिनी भिंतीवरच्या तळहाताएवढ्या कोळ्यावर फडा उगारून उभी होती. पाटलीणबाई दारातूनच ओरडल्या, "काऊन वो बाई, कायले मारून राहिली त्याले? त्यो झुरळं खाते. तुह्या घरचा नवकर समज!" वहिनीने फडा हाणलाच. कोळी निसटून आढ्यात गेला. पाटलीणबाई गेल्यावर ती माझ्याकडे वळून म्हणाली, "पहिल्या भेटीत अगं-तुगं! काय बाई मुलूख." मला वाटतं, तिला कोळ्यापेक्षा ते 'तू' जास्त चावलं.

पहिला पावसाळा संपत आला आणि पोळा झाला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या अंगणासमोरच्या पिंपळाखाली पळसाच्या डहाळ्यांचा ढीग पडलेला दिसला. पहाटे आरडाओरडा ऐकू आला होता, पण सणाची धामधूम असेल म्हणून आम्ही लक्ष दिलं नव्हतं. कचऱ्यात किडे होतात म्हणून वहिनीने तो ढीग ओढून पेटवला. आठवड्याच्या आत बाळूला हिवताप आला. पोर हाताला भाजत होतं. वहिनी त्याला मांडीवर घेऊन बसे आणि एकटक बघत राही. पोराचे डोळे वर गेले त्या दिवशी ती म्हणाली, "हा मुलूख माझं बाळ खाणार." दादा तोंड फिरवून फलाटावर निघून गेला. बाळू वाचला, पण हातापायांच्या काड्या झाल्या.

डहाळ्या कसल्या होत्या, ते नंतर सुखराम पोर्टरच्या बायकोने भाबडेपणाने सांगून टाकलं. "ते मारबतीचे पळस होत, बाई. पोळ्याले दारोदार लावतेत. मंग ढेकूण, मच्छर, खासी-खोकला, ताप, साऱ्या गावचं त्यात घालून शिवेवर टाकून देतेत. शीव म्हंजे हेच ना, तुमच्या दारापुढचा पिंपळ."

वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे साऱ्या सौंदडचे ढेकूण दरसाल आमच्या उंबऱ्याशी! गावाची शीव जुनी, स्टेशन नवं. क्वार्टर बांधताना कुणी शीव विचारली नव्हती आणि गावाने मारबत टाकताना क्वार्टर पाहिलं नव्हतं. तिने माहेरी निरोप धाडला. येत्या पोळ्यापर्यंत बदली झाली तर ठीक, नाही तर भावाने येऊन तिला आणि बाळूला कायमचं पारनेरला न्यावं.  जेवताना दादा एकदा एवढंच म्हणाला, "मी एकटा इथे काय करू?" वहिनी म्हणाली, "किडे आहेत ना सोबतीला." हे ती रागाने बोलली, आणि मग चुलीपाशी जाऊन खूप वेळ तिथेच राहिली.

माझं काय होणार, हे कुणी बोलत नव्हतं. वहिनी गेली तर मला मामाकडे धाडणार, हे मला उमगलं होतं. मामा वाईट नव्हता. पण मला घर म्हणून कळायला लागलं होतं ते हेच, वाडग्यांतल्या बाजेचं. त्या वर्षी आम्हा सगळ्यांनाच वहिनीची सवय लागली. कुणी टेकून बसत नव्हतं. डाक आली की तिघेही दारात, आणि बदलीचा हुकूम काही येत नव्हता.

पुन्हा पोळा आला. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता वहिनी अंगणात पदर खोचून उभीच होती. गावाकडून गलका येऊ लागला, "ढेकूण, मच्छर, रोगराई घेऊन जा गे मारबत!" पोरं, बाप्ये, सगळे पळत आले, पळसाचा भारा पिंपळाखाली फेकला आणि मागे न बघता परत फिरले. टाकलेल्याकडे वळून बघायचं नाही, अशी रीत. त्यामुळे त्यांना दिसलंच नाही की आमच्या वहिनीने तो भारा कवेत उचलला आहे आणि ती त्यांच्यामागून गावात चालली आहे.

मी बाळूला कडेवर घेऊन तिच्यामागे धावले. पहिल्या घरापाशी कुणीतरी तिला पाहिलं आणि किंचाळलं, "मांगं नोको आनू! बाई, मांगं नोको आनू!" बायका लेकरं ओढून घरात घेऊ लागल्या, धडाधड दारं लागली. आमच्या नगरकडे ही रीत नाही. एकदा शिवेबाहेर घालवलेलं परत गावात आणणं म्हणजे काय, हे तिला कुठून ठाऊक असणार? तिला वाटलं, आपण फार तर शिळं वाण परत करतो आहोत. दारं लागताना बघून तीही बावरली, पण थांबली नाही.

गल्लीच्या तोंडाशी पाटलीणबाई आडव्या झाल्या. "का करून राहिली तू? गावात लेकरं नाहीत का?"

"माझ्या घरात नाही का लेकरू?" वहिनीचा आवाज फुटला. "तुमचे ढेकूण, तुमचे ताप, सगळं माझ्या दारात! हे खरं असेल तर मला पाप का देता? आणि खोटं असेल तर ठेवा की तुमच्याच घरात!"

 पाटलीणबाईंनी माझ्या कडेवरच्या बाळूकडे पाहिलं. त्याच्या काडीसारख्या पायांकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग हळू म्हणाल्या, "शीव घातली तवा टेसन नोयतं, बाई."

"आता आहे ना?"

"हाव. आता हाय."

त्यांनी पुढे होऊन भाऱ्यातल्या निम्म्या डहाळ्या आपल्या हातात घेतल्या. "चाल," म्हणाल्या. पारावरचा एक म्हातारा कुरकुरला, शीव अशी सरकते का म्हणून. पाटलीणबाई वळल्यासुद्धा नाहीत. "आमचे पवार माळव्यातून आले तवा त्यायचीच घरं शिवेभाईर होती. सासू सांगे माही. सरकली ना तवा? मंग आता कायले नाही सरकत?"

दोघी पुढे, मी मागे, आणि भीत भीत अर्धं गाव. पिंपळ मागे पडला, आमचं क्वार्टर मागे पडलं. छोटी गाडी, आमची नॅरोगेज, येण्याची वेळ झाली होती. एरवी अशा वेळी कुणी रुळाकडे फिरकलं तरी दादा खेकसायचा. त्या दिवशी त्याने निशाण काखेत मारलं आणि फाटकाशी बाजूला उभा राहिला. रूळ ओलांडून पलीकडच्या नाल्यात दोघींनी पळस फेकला. पाटलीणबाई म्हणाल्या, "आता मांगं पाहू नोको." वहिनी सरळ घरी आली. 

दोन दिवसांनी तिचा भाऊ न्यायला आला. ठरलेलं ते ठरलेलं. पाटलीणबाई निरोप द्यायला लाखोळीची डाळ बांधून घेऊन आल्या होत्या. दादा दारात उभा, चेहरा उतरलेला. मी बाळूचं झबलं हातात धरून उगाच घडी घालत होते. भावाने वाकून पेटी उचलली. पेटी वर आली, तळ खालीच राहिला.

जमिनीवर ओल्या मातीचा ढीग, त्यात वळवळणारी पांढरी उधई, आमच्याकडची वाळवी, आणि शालूच्या जरीचे चार धागे. वर्षभर डोळ्यांत तेल घालून घर राखलं, आणि जे जपून ठेवलं तेच गेलं. आम्ही सगळे वहिनीकडे बघत होतो. पाटलीणबाई म्हणाल्या, "जे हालत नाही ते उधईचं, बाई. उघडली असती, नेसली असती, तर शालू राहिला असता."

वहिनीने ती माती पाहिली, दादाकडे पाहिलं, आणि तिला हसू आलं. हसता हसता रडू आलं. भावाला म्हणाली, "आता काय नेऊ रे? नेण्यासारखं काही उरलंच नाही." आणि ती भिंतीला पाठ टेकून, पाय पसरून खाली बसली. काही न झाडता. वर न बघता. दादाने पटकन माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघंही काही बोललो नाही, बोललो असतो तर ती उठली असती.

भाऊ चार दिवस पाहुणचार घेऊन एकटाच परत गेला. पुढच्या पोळ्याच्या संध्याकाळी आमच्या दाराशी कुणीतरी येऊन पळसाची डहाळी खोचून गेलं. गावातल्या घरांसारखी. वहिनीने तिला हळदकुंकू वाहिलं. सुधारली म्हणाल तर फार नाही. 'आधी आपट' कायम होतं, फडाही होता. फक्त देवाच्या फोटोमागच्या कोळ्याला ती हात लावत नसे. त्याला ती हवालदार म्हणायची, आणि झुरळ दिसलं की त्याच्यावरच डाफरायची.

बदली झाली ती तिने मागणं सोडल्यावर बऱ्याच वर्षांनी. तेव्हा दादाशी ती अबोला धरून बसली होती, जणू हुकूम त्यानेच काढला. गाडीत बसताना पाटलीणबाईंच्या गळ्यात पडून रडली. दोघींचं अगं-तुगं तोवर दोन्ही बाजूंनी चालू झालं होतं. खानदेशातल्या कुठल्याशा स्टेशनावर ती तापानेच गेली. मी तोवर गोंदियाला सासरी होते, मला शेवटची भेट मिळाली नाही. दादा सांगत होता, ग्लानीत ती सारखी विचारत होती, "दाराला पळस लावला का?" तिकडे कुणाला काही कळेना. दादा उठला, शिवारातून एक डहाळी तोडून आणली आणि दाराला खोचली. मग ती शांत पडून राहिली.

पुढे एकदा केशोरीला नात्यातल्या कार्याला निघाले होते. पोळ्याचा दुसरा दिवस होता, हे मला गाडी सौंदडला थांबली तेव्हा लक्षात आलं. गावाकडून गलका आला. पोरं भारे घेऊन पळत आली, पिंपळ ओलांडला, क्वार्टर ओलांडलं आणि गाडीपुढून रूळ ओलांडून नाल्याकडे गेली. क्वार्टरमध्ये कुणी दुसरंच बिऱ्हाड होतं. दारातली खोचलेली डहाळी काढून नेली होती, चारदोन पानं तेवढी उंबऱ्यावर पडली होती.

नाल्याकडून एक तरणा बाप्या माझ्या डब्याजवळून परत चालला होता. माझ्याने राहवलं नाही. खिडकीतून विचारलं, "काऊन रे बाबा, इतक्या लांब कायले जाता? शीव तर त्या पिंपळाजवळ होती ना?"

त्याने माझ्याकडे परक्या माणसाकडे बघावं तसं पाहिलं. "नाही वो बाई," म्हणाला. "शीव नाल्यापाशीच हाय. पयलेपासून."

मी बरं म्हटलं. गाडी हलेपर्यंत त्या उंबऱ्याकडे बघत राहिले.