केशरच्या पिशवीतली नखं

रामनगरात सकाळच्या वेळी कुणी दार वाजवत नाही. येणारा फाटकातनंच हाक मारतो आणि आतनं "ये गं" म्हणून उत्तर जातं. म्हणून तव्यावर आंबोळी असताना टकटक झाली तेव्हा नेत्राचा हात थांबला. नवरा सुदेश दुकान उघडायला गेला होता. सासूबाई, म्हणजे मंगलआत्ती, न्हाणीच्या चुलीत लाकडं सारत बसल्या होत्या. नणंद भाग्यलक्ष्मी, जिचं लग्न पुढच्या आठवड्यावर आलं होतं, ती अजून वेणीतच गुंतलेली.

दारात केशर उभी होती. घरोघर जाऊन बायकांच्या हातापायांची नखं करून देणारी. खांद्याला कापडी पिशवी, हातात स्टीलचा डबा, चपला पायरीखाली काढलेल्या.

"हाक का मारली न्हाईस गं?" नेत्रानं विचारलं.

"माझा आवाज ऐकला की गल्लीतल्या खिडक्या उघडतात, वैनी. म्हणून सुम्म, गपचूप दार वाजवलं."

नेत्राला कारण ठाऊक होतं. पावसाळा सरता सरता पलीकडच्या गल्लीतल्या गुरुदासच्या सुनेचे, बाळीचे, पाय केशरनं करून दिले होते. काम झाल्यावर कापलेली नखं नि वापरलेला कापूस तिनं कागदात गुंडाळला आणि आपल्याच पिशवीत घालून नेला. दुसऱ्या दिवसापासून बाळीला ताप. डॉक्टरांनी रक्त तपासून टायफॉइड सांगितला, औषधानं ताप उतरलाही. पण नखं कशाला नेली, हा प्रश्न काही उतरला नाही. केसानखांवर करणी होते हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. नखं घरच्या माणसानं गोळा करायची आणि घरच्याच मातीत पुरायची, नाहीतर घरच्याच चुलीत जाळायची. तेव्हापासून दोन लग्नघरांनी केशरला परस्पर नको म्हणून कळवलं होतं. आणखी एकदोन घरांनी तसंच केलं असतं तर तिला परत बेळगावचीच वाट धरावी लागली असती, आणि घरी आई अंथरुणाला खिळलेली.

तशी केशर सुप्याकडच्या रानातल्या एका वाडीवरची. बाप लखू जंगलात मजुरी करायचा. दहावी झाल्यावर ती मावशीकडं बेळगावला गेली. तिथल्या एका पार्लरात आधी जमिनीवरचे केस झाडले, मग गिऱ्हाइकांचे पाय धुतले, आणि बऱ्याच काळानं तिच्या हातात नेलकटर आलं. आई पडली तशी ती रामनगरला बिऱ्हाड करून राहिली. आज तिला या घरी बोलावलं होतं ते फक्त भाग्यलक्ष्मीच्या हट्टापायी.

नेत्राचा संशय आत्तींपेक्षा वेगळा होता. करणीबिरणी ती मानत नव्हती, निदान मोठ्यानं तरी नाही. पण तिच्या स्वतःच्या लग्नात एका पार्लरवालीनं अंगठ्याच्या कडेची कातडी खोल कापली होती. नखुरडं झालं, पू भरला आणि हळदीच्या पायांनी ती लंगडत बोहल्यावर चढली. तेव्हापासून दुसऱ्याच्या हातातली कात्री तिला आधी वास घेऊन बघावीशी वाटायची.

"पाणी उकळून पाहिजे," केशर म्हणाली. "रटरटा उकळलेलं. हत्यारं त्यात घालायची हायत."

"घरनं उकळून आणली न्हाईस?" नेत्रानं पकडलं.

"आणली की. खरं तुम्ही बघितलं न्हाई ना."

आत्तींनी स्वयंपाकातलं पातेलं द्यायला साफ नकार दिला. शेवटी माळ्यावरचं काळं पडलेलं अॅल्युमिनियमचं भांडं निघालं. नेलकटर, चिमटा, नखाखालचा मळ काढायची सळई, सगळं उकळत्या पाण्यात खुळखुळत राहिलं. नेत्रा चुलीपाशीच उभी होती. केशरला घाई नव्हती. तेवढ्या वेळात तिनं साबणानं कोपरापर्यंत हात धुतले.

पडवीत पाट मांडले. केशरनं भाग्यलक्ष्मीचं एकेक बोट उजेडाकडं वळवून बघितलं.

"नखं बघतीस का पत्रिका?" आत्ती म्हणाल्या.

"चीर हाय का, बुरशी हाय का बघते, आत्ती. खराब नखावर रंग चढवला तर आत आणखी कुजतंय."

"आमच्या पोरीत खोट न्हाई."

"नखात तरी न्हाई," केशर म्हणाली, आणि भाग्यलक्ष्मी फिस्सकन हसली.

आधी कोरडी नखं सरळ कापली, कोपरे खोल घेतले नाहीत. मग नवीन पट्टीनं एकाच बाजूनं घासली. पाय कोमट पाण्यात भिजल्यावर आत्तींनी न्हाणीतली टाचा घासायची वजरी पुढं केली.

"ही नको," केशर म्हणाली. "ही घरातल्या सगळ्यांच्या टाचांना लागलेली."

"मग काय झालं? एकाच घरच्या टाचा न्हवं?"

केशरनं पिशवीतनं कोरा दगड काढला. आत्तींनी वजरी परत नेली ती जरा आपटूनच ठेवली. नखाच्या मुळाशी असलेली कातडी केशरनं कापसानं हलकेच मागं सारली. नेत्रा वाकून बघत होती. कात्री आता येईल, मग येईल म्हणून. कात्री आलीच नाही. शेवटी स्पिरिटच्या बोळ्यानं नखांवरचा तेलकटपणा पुसला आणि मग रंग लावला.

रंग वाळत होता तेव्हा केशरनं घासायची पट्टी परत कुणाला लागू नये म्हणून मधोमध मोडली. पट्टीचे तुकडे, कापूस, फडक्यावर जमलेली नखं, सगळं कागदात घेऊन पुडी बांधली. हात पिशवीकडं गेला.

"थांब," आत्ती म्हणाल्या. "पिशवी उघड."

केशरनं उघडली. आत आणखी एक पुडी होती.

नेत्राही जवळ सरकली.

"ही कुणाची?" आत्तींनी विचारलं.

"काल कॅसलरॉकला एका बाईंचे पाय केले, त्यांची. गाडी उशिरा आली आणि सकाळी न्हाणी पेटवायच्या आधीच मी इकडं निघाले. हे असलं उकिरड्यावर टाकलं की कोंबड्या उकरतात, रक्ताचा कापूस पोरांच्या पायात येतोय. म्हणून घरी नेऊन जाळते."

"जाळतीस हे बघितलंय कुणी?"

आत्तींचा प्रश्न खोटा नव्हता, नेत्राला वाटलं. उकळतं पाणी आपण डोळ्यांनी बघितलं, हे कुणी बघितलंय?

"दे ती पुडी इकडं," आत्तींनी हात पुढं केला. "दोन्ही मीच जाळते."

"तुमची घ्या," केशर म्हणाली. "दुसरी देणार न्हाई."

"का गं? काय हाय त्यात?"

"नखंच हायत. खरं ती त्या बाईंनी माझ्या हातात दिलीत. त्यांचं नख तुमच्या हातात कसं देऊ? तुमचं दुसऱ्या घरात दिलं तर चालंल तुम्हाला?"

आत्तींचा हात तसाच हवेत राहिला, मग हळूच पदराकडं गेला.

"चल न्हाणीत," त्या म्हणाल्या. "तुझी तू घाल."

चुलीत निखारे होते. आत्तींनी लेकीची पुडी टाकली, केशरनं दुसरी. कागद भडकला, आणि मग जळक्या शिंगासारखा वास न्हाणीभर झाला. नेत्रानं नाकाला पदर लावला. आत्तींनी लावला नाही. कागदाची राख होईपर्यंत त्या वाकून बघत होत्या, काठीनं एकदा उकरूनही बघितलं.

"वास तर नखाचाच हाय," त्या म्हणाल्या.

केशरनं पडवीत येऊन डबा उचलला. पायरीशी वळली.

"आत्ती, गुरुदासदादांच्या घरी तुमचा शब्द चालतोय. एकदा तिकडं जाऊन सांगाल?"

"काय सांगू? आज जाळलीस. रोजचं कोण बघतंय?"

"रोजचं नका सांगू," केशर म्हणाली. "आज बघितलं तेवढंच सांगा."