निरभ्र आकाश, कमी वीज

तुमच्या बाबांनी पेणच्या घराच्या गच्चीवर सौर पॅनेल बसवून दिली आणि आमच्याकडे संध्याकाळच्या चहाबरोबर एक वाद सुरू झाला. तुमचे आजोबा अणुवीजवाले. रोह्याच्या कंपनीत त्यांनी उभी नोकरी वीज विभागात, शिफ्टमध्ये काढली. मध्येच वीज गेली की अख्खा माल कसा वाया जातो, हे त्यांनी पाहिलेलं. माझी धाकटी बहीण सूर्यवाली. तिच्या सासरचा पेणमध्येच गणपतींचा कारखाना आहे आणि मूर्ती सुकवायच्या, रंगवायच्या ऐन दिवसांत तिथे वीज हमखास जाते. कोळशाचा धूर दोघांनाही नकोच होता. त्याच्या जागी काय, एवढ्यावरच भांडण.

“तुझा सूर्य संध्याकाळी घरी जातो,” आजोबा म्हणायचे. “अणुभट्टीत शिफ्ट बदलते, भट्टी थांबत नाही.”

“आणि तिचा कचरा? तो किती पिढ्यांनी सांभाळायचा? तुमच्या उशाशी ठेवता का, भावोजी?”

“त्याला जागा फार थोडी लागते गं.”

“मग ठेवाच!”

बहिणीला कारखान्यावर पॅनेल आणि बॅटरी हवी होती. तिच्या यजमानांचं मात्र एकच म्हणणं, विजेतलं भावोजींना कळतं, ते हो म्हणाले तरच. म्हणून ठरलं की चैत्रात पंधरा दिवस आमच्या पॅनेलची वीज मोजायची आणि मग आजोबांनी निकाल द्यायचा. नोंदीचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी लावलेली शिस्त. मी वहीत तीन रकाने आखले: तारीख, आकाश, युनिट.

पहिले काही दिवस आकडे चांगले आले. मग उतरले ते उतरलेच. सोळाव्या दिवशी बहीण आली, वही पाहिली आणि मिटून ठेवली.

“राहू दे, ताई. यांना सांगते, नको म्हणून.”

आजोबा जिंकले होते. त्यांनी खुशाल चहा प्यायचा. पण त्यांनी चष्मा लावला आणि वहीतल्या एका ओळीवर बोट ठेवलं.

“आकाश निरभ्र, आणि वीज निम्मी? हे हरणं नाही, ही चूक आहे. उद्या दुपारी मी वर जातो.”

एरवी जेवणानंतर ते तासभर झोपत. दुसऱ्या दिवशी झोपले नाहीत. बहीणही आली. गच्चीवरून आजोबांची हाक ऐकू आली, “अगं, जरा वर ये. वही घेऊनच ये!”

पॅनेलवर मी धुतलेलं जुनं धोतर पसरलेलं होतं आणि त्यावर पोह्यांचे पापड. तिरकी, स्वच्छ, छान तापलेली जागा. धूळ नाही, मुंग्या नाहीत. खाटेवर दोन दिवस लागतात, तिथे एका दुपारीत कडकडीत. संध्याकाळी पापड डब्यात भरून मी खाली यायची आणि मन लावून आकडा लिहायची. विज्ञानात पहिला नंबर काढलेल्या बाईला एकदाही शंका आली नाही.

“गो ताई,” बहीण पायरीवरच बसली, हसून हसून डोळे पुसत, “माझा कारखाना बुडवत होतीस की गो!”

“पंचच फितूर होता,” आजोबा म्हणाले आणि एक पापड मोडून खाल्ला.

मी पापड उचलले आणि नवं पान आखलं. पुढच्या पंधरा दिवसांचे आकडे पाहून आजोबांनी होकार दिला. पॅनेल बसली तेव्हा स्वतः कारखान्यात जाऊन तारा तपासल्या.

त्या श्रावणात आभाळ काही उघडेना, आणि एके दिवशी सकाळीच वीज गेली. आम्ही कारखान्यात गेलो. बॅटरीवर आखणीच्या टेबलावरचे दिवे जळत होते आणि कारागीर मूर्तींचे डोळे रंगवत होते. मोठे पंखे मात्र बंद. ढगाळ दिवसात तेवढी वीज कुठून येणार?

“बघ,” आजोबा पंख्यांकडे बोट करून म्हणाले, “यासाठी अणुवीजच लागेल.”

“लागेल तेव्हा लागेल, भावोजी.” बहिणीने खोक्याचा एक पुठ्ठा फाडून त्यांच्या हातात दिला. “तोवर ही रांग तुमची.”

आणि तुमचे आजोबा स्टुलावर बसून, दुपारपर्यंत, ओल्या रंगाच्या गणपतींना वारा घालत राहिले.