लाल रेघेच्या वर चार बोटं

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकतो. सायकलदुरुस्तीचं दुकान एकतीस वर्षं चालवतोय. गिऱ्हाईक शहाणपणा शिकवायला लागलं की मी पाना खाली ठेवतो आणि म्हणतो, "या, बसा माझ्या जागी." बहुतेक जण गप्प होतात. माझी धाकटी बहीणही गप्प झाली. गोष्ट तिची आहे, पण लाज माझी.

तिला घरात सगळे शिडी म्हणतात. नाव मीच ठेवलं. लहानपणापासून पाय हे एवढे लांब, खुर्चीत बसली की गुडघे आधी दिसायचे आणि मग बाई. आता बावन्न वर्षांची आहे, तरी मी हाक मारतो ती शिडीच.

ती घरोघरी जाऊन मलमपट्टी करणारी नर्स आहे. सकाळी आठला सायकल काढते. मागे पट्ट्यांचा पत्र्याचा डबा, पुढे टोपलीत औषधं आणि धुतलेले रुमाल. दिवसाला सोळा घरं. कुणाची जखम धुवायची, कुणाला सुई टोचायची, कुणाची नुसती कूस बदलायची. कोणाच्या दाराची घंटा वाजत नाही, कोणाचं कुत्रं फक्त दिसायलाच भयंकर आहे, सगळं तिला पाठ. हात कोपरापर्यंत धुते आणि पुसत नाही, झटकते. तिच्याजवळ उभं राहिलं की अंगावर शिंतोडे ठरलेले. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणते, "सोळा घरं आहेत की मला. सतरावं कशाला?"

ही सोळा घरं म्हणजे तिचा जीव. आणि तिची सायकल माझ्या हातची.

आता माझ्या दुकानाचा नियम ऐका. सीटवर बसल्या बसल्या दोन्ही पाय सपाट जमिनीला टेकले पाहिजेत. तेवढ्याच उंचीला मी सीट आवळतो आणि सीटच्या दांड्यावर, जिथे तो चौकटीत शिरतो तिथे, लाल रंगाची बारीक रेघ मारतो. रेघ हलली की मला लगेच कळतं आणि मग मी त्या माणसाची बिनपाण्याने करतो. हा नियम कुठून आला तेही सांगतो. मी बाराचा, ती आठची. वडिलांच्या उंच सायकलवर मी तिला बसवली, ढकलली आणि मजा बघत उभा राहिलो. तिचा पाय जमिनीला पोचेना. पडली, मनगट मोडलं. घरी तिने सांगितलं, "मीच चढले होते." त्या दिवसापासून माझ्या मनात एकच बसलं, पाय टेकले पाहिजेत. मी ते प्रेमाने करत होतो हो. पण प्रेमाने केलं म्हणून चूक कमी होत नाही.

तीन वर्षांपूर्वी तिला नवी सायकल बांधून दिली. गिऱ्हाइकाला मी निदान बसवून बघतो. हिला तेही केलं नाही. म्हटलं, हिचं माप मला ठाऊक नाही तर कोणाला? डोळ्यांनीच अंदाज घेतला, सीट खाली ठेवली, ती पुढे घसरू नये म्हणून सीटचं टोक जरा वर उचललं, रेघ मारली, झालं.

चार महिन्यांत तिची कंबर धरली. आधी म्हणाली, "दादा, उतरल्यावर सरळ उभं राहता येत नाही." मी म्हटलं, "वय झालं, शिडीला वाळवी लागली." दुकानातली माणसं हसली. तीही हसली. मग एकदा म्हणाली, "सीट थोडी वर घेऊन बघूया का?" मी पाना खाली ठेवला. "या बाई, बसा माझ्या जागी. मी जातो सुया टोचायला." पुन्हा हसणं. त्यानंतर तिने ब्र काढला नाही. दर शनिवारी दुपारी हवा भरायला आणि साखळीला तेल घालायला यायची, एक हात कमरेवर ठेवून उभी राहायची आणि माझी बडबड ऐकून जायची.

मध्यंतरी दवाखान्यातल्या तिच्या मोठ्या बाईंनी तिला बोलावून घेतलं. म्हणाल्या, कंबर अशीच राहिली तर फेऱ्या बंद, आत बसून नोंदवह्या लिहा. महिन्याभराची मुदत दिली. हे सांगताना ती रडकुंडीला आली होती. आणि मी काय म्हणालो? "बरंच की! सावलीत बसायला मिळेल." अजून आठवलं की कान गरम होतात.

पण महिना सरायच्या आत ती ठणठणीत झाली. फेऱ्या चालू राहिल्या. मला कोण आनंद! जो येईल त्याला मी सांगायचो, "बघा, उगाच सीट हलवली नाही. शरीराला सवय लागावी लागते. आमच्या शिडीला विचारा." ती शेजारी उभी असायची आणि मान डोलवायची.

मग तो शनिवार आला. पँटची शिवण उसवली होती म्हणून मी कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे गेलो होतो. आमच्या गल्लीच्या वळणावरच त्याचं दुकान. आत स्टुलावर बसलो होतो आणि काचेतून शिडी येताना दिसली. पहिल्यांदा वाटलं, दुसरंच कोणी आहे. पाठ सरळ, हात सैल, पाय खालपर्यंत मोकळे जातायत. इतकी छान सायकल चालवताना मी तिला कधी बघितलंच नव्हतं. मी उठून हाक मारणार, तेवढ्यात ती वळणावर उतरली. डब्यातून पाना काढला. सीटचा नट ढिला केला, सीट दाबून खाली सरकवली, वाकून रेघ नीट जुळली का ते बघितलं आणि नट आवळला. मग कमरेवर हात ठेवून हळूच सरळ झाली आणि गुडघे पोटाशी घेत माझ्या दुकानाकडे निघाली.

शिंपी सुई ओवता ओवता म्हणाला, "दर शनिवारी चालतं हे. जाताना पुन्हा वर करतात. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुकानामागेच आमचं घर, तिथे मागच्या दाराने शिरलो आणि बायकोला विचारलं. तिला सगळं ठाऊक होतं. शिडीच्या सोळा घरांत एक म्हातारी आहे, मांडीचं हाड मोडून खाटेवर पडलेली. तिने जन्मभर सायकलवरून टपाल वाटलं. ती खिडकीतून रोज हिला येताना बघायची. एक दिवस म्हणाली, "अगं, तुझे गुडघे छातीला लागतात, कंबर दुखेल नाही तर काय होईल? पाय उतरल्यावर टेकवायचे, बसून नाही." तिनेच खाटेवरून सांगून सांगून सीट वर करून घेतली.

"मग मला का नाही सांगितलं?" मी ओरडलो.

"असं ओरडता म्हणून," बायको म्हणाली. "ती म्हणाली, वहिनी, दादाच्या दुकानाचं नाव आहे. चारचौघांत त्याची मान खाली जायला नको."

मी पुढे गेलो. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. शिडी पंपाशी उभी होती. मी तिच्या सायकलचं हँडल धरलं. म्हटलं, "बस सीटवर. मी धरतो."

ती घाबरली. खरंच घाबरली, मला दिसलं. "कशाला? ठीक आहे की, दादा. रेघेवरच आहे."

"बस म्हणतो ना." पुन्हा तोच आवाज! स्वतःचीच जीभ हासडावीशी वाटली. हळू म्हटलं, "बस गं. तुझं माप मी कधी घेतलंच नाही."

ती बसली. मी म्हटलं, पॅडल खाली आण आणि त्यावर टाच टेकव. पाय सरळ व्हायला हवा होता, तो केवढा तरी वाकलेला. मी सीट वर घेत गेलो. दांड्यावर तिच्या पान्याचे बारीक ओरखडे होते, ते चौकटीतून बाहेर आले आणि पाय सरळ झाला. रेघेपासून ओरखड्यापर्यंत बोटं ठेवून मोजलं. चार बोटं. तिची कंबर या चार बोटांसाठी दुखत होती. मग सीटचं उचललेलं टोक सपाट केलं आणि हँडल दोन बोटं वर घेतलं, म्हणजे हात ताणायला नकोत. ते म्हातारीला खाटेवरून दिसलं नसावं. एवढं तरी माझ्यासाठी उरलं होतं.

गिऱ्हाइकं बघत होती. मी त्यांना सांगितलं, "ही सीट मी चुकीची ठेवली होती. हिने सांगितलं, मी ऐकलं नाही." पॉलिश पेपर घेऊन रेघ घासून काढली. शिडी दुसरीकडे बघत होती. म्हणाली, "जाऊ दे रे. मीच आधी नीट बोलायला हवं होतं." मनगट मोडलं होतं तेव्हाही ती असंच म्हणाली होती.

पुढच्या शनिवारी मी दुकानाच्या दारातच उभा होतो. ती वळणावर आली, सरळ पाठीने, झकास. आणि शिंप्याच्या दुकानापाशी उतरली. डबा उघडला, पाना काढला, सवयीने सीटला हात घातला. मग दांड्याकडे बघत राहिली, रेघ शोधत असावी. मान वर करून तिने माझ्या दुकानाकडे पाहिलं. मी हे बघितलं, ते तिला कळू नये म्हणून आत सरकलो.